अंजदीव ते जलाश्व : किनाऱ्यावर उतरण्याच्या युद्धनीतीची पार्श्वभूमी

७ ऑगस्ट २०२५ रोजी संरक्षण दल प्रमुख जनरल अनिल चौहान यांनी उभयचर मोहिमांच्या संयुक्त युद्धनीतीची खुली आवृत्ती प्रसिद्ध केली. तिन्ही दलांनी एकत्र येऊन समुद्रातून शत्रूच्या किनाऱ्यावर कसे उतरावे, याचा तो आराखडा असून त्याची पूर्वपीठिका गोव्याला परकी नाही.

डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त करण्याची मुख्य कामगिरी भूदलाने जमिनीवरून पार पाडली. कारवारसमोरचे, पण काणकोण तालुक्यात मोडणारे अंजदीव बेट मात्र नौदलाच्या वाट्याला आले. उतरण्याचे खास प्रशिक्षण घेतलेली पलटण तेव्हा नौदलाकडे नव्हती. त्यामुळे १८ डिसेंबरला 'त्रिशूल' आणि 'म्हैसूर' या युद्धनौकांवरचे नौसैनिकच होड्यांत बसून किनाऱ्याकडे निघाले. बेटावर पांढरे निशाण दिसल्यानंतरही गोळीबार झाला, असे भारतीय बाजूने नोंदवले गेले आहे. बेट हाती आले, पण सात जणांना प्राण गमवावे लागले. गोव्याच्या झटपट विजयाच्या कौतुकात अंजदीवची किंमत मागेच राहिली, असे म्हणावे लागते.

तयारीतली उणीव १९७१ मध्ये पुन्हा उघडी पडली. आजच्या बांगलादेशातील कॉक्स बझारच्या किनाऱ्यावर गुरखा जवान उतरवताना 'घडियाल' आणि 'गुलदार' ही जहाजे किनाऱ्याअलीकडच्या वाळूच्या पट्ट्याजवळ पोहोचली. उथळ वाटलेल्या पाण्यापुढे खोल भाग निघाला आणि जवान बुडाले. समोर शत्रू नव्हता. किनाऱ्याचा तळ आणि भरती-ओहोटी यांची पुरेशी पाहणी न होणे एवढेच कारण जिवावर बेतायला पुरले.

२००७ मध्ये अमेरिकेकडून घेतलेल्या 'जलाश्व'मुळे पोटातून होड्या सोडणारे आणि डेकवरून हेलिकॉप्टर उडवणारे मोठे जहाज प्रथमच हाती आले. पुढे मात्र धोक्याचे स्वरूपही पालटत गेले. किनाऱ्यावरच्या क्षेपणास्त्रांनी एप्रिल २०२२ मध्ये रशियाची 'मोस्क्वा' ही युद्धनौका बुडवल्यापासून, सारे सैन्य एकाच मोठ्या जहाजात भरून किनाऱ्याजवळ नेणे कितपत शहाणपणाचे, हा प्रश्न जगभरच्या नौदलांपुढे आहे. समुद्रातून किनाऱ्यावर उतरून लढणाऱ्या अमेरिकेच्या मरीन कोअर या दलाने तर २०२० पासूनच रणगाडे सोडून लहान, विखुरलेल्या तुकड्यांची वाट धरली. भारताची 'जलाश्व'सारखी आणखी चार जहाजे घेण्याची योजना दरम्यान दशकभर रेंगाळली. अशा जहाजांच्या प्रस्तावाला संरक्षण खरेदी परिषदेची मान्यता मिळाली ती ऑक्टोबर २०२५ मध्ये, म्हणजे युद्धनीती खुली झाल्यानंतर.