पोल स्पिअर: भाला जुना, काच नवी

पहिला पोल स्पिअर, म्हणजे पाण्याखाली मासे मारायचा हातभाला, घ्यायला गेलेला माणूस ठरलेले तीन प्रश्न विचारतो. लांबी किती घेऊ? फायबरग्लास की कार्बन? टोक एक की तीन? दुकानदार किमतीकडे बघून उत्तरं देतो आणि शेवटी हमखास म्हणतो, ‘सुरुवातीला हा चालेल, पुढे गन घ्या.’ हे शेवटचं वाक्य मला पटत नाही. पोल स्पिअर ही स्पिअरगनची, म्हणजे खटका ओढून भाला सोडणाऱ्या बंदुकीची, पहिली इयत्ता आहे असा समज त्यामागे असतो, आणि इतिहास पाहिला तर तो टिकत नाही.

आधी वस्तू नीट पाहू. सहा-सात फुटांचा दांडा, पुढे टोक, मागच्या बाजूला रबराचा फास. फास अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात अडकवायचा, मग तोच हात रबर ताणत दांड्यावरून जमेल तितका पुढे न्यायचा आणि दांडा घट्ट धरायचा. नेम धरून मूठ सैल केली की दांडा तळव्यातून सरकत पुढे झेपावतो. फास हातातच राहतो, म्हणून भालाही हातापासून सुटत नाही. घोडा नाही, खटका नाही. ताणलेलं रबर तुमच्या बोटांच्या जोरावरच थांबलेलं असतं. अर्ध्या-एक मिनिटात मनगट भरून येतं, त्यामुळे भरलेला भाला घेऊन तासभर फिरता येत नाही. ही अडचणच पुढे या भाल्याच्या कामी आली.

हवाईयन स्लिंग नावाचं त्याचं भावंड वेगळं. त्यात भोक पाडलेली लाकडी मूठ असते आणि मुठीला रबर. भाला त्या भोकातून बाणासारखा सुटून जातो. आपल्या बेचकीला दगडाऐवजी सळई लावली तर जे होईल ते हे. पोल स्पिअर धरून ठेवतो, स्लिंग सोडून देते. नवखे लोक ही दोन नावं सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात आणि मग भलतीच वस्तू घरी येते.

भाल्याने मासा मारणं किती जुनं, याचा मोठा पुरावा काँगोमधल्या सेमलिकी नदीकाठी कटांडा इथे मिळाला. हाडापासून कोरलेली, काटे काढलेली टोकं आणि त्यांच्यासोबत मोठ्या शिंगाळ्यांसारख्या माशांची हाडं. त्यांचं वय सुमारे ९० हजार वर्षं मानतात. इजिप्तमध्ये लक्सरजवळ मेन्ना नावाच्या अधिकाऱ्याचं थडगं आहे, साधारण इ.स.पू. १४०० च्या आसपासचं. त्यातल्या भिंतीवर तो होडीत उभा राहून लांब भाला मारताना दिसतो आणि भाल्याच्या टोकांवर दोन मासे टोचलेले आहेत. एका फटक्यात दोन म्हणजे चित्रकाराने मालकाची जरा खुशामतच केली.

या सगळ्या चित्रांत माणूस पाण्याच्या वर असतो. होडीत, खडकावर नाहीतर गुडघाभर पाण्यात. आणि वरून बघणाऱ्याला पाणी फसवतं. प्रकाशाच्या अपवर्तनामुळे मासा असतो त्यापेक्षा वर दिसतो, म्हणून नेम त्याच्याखाली धरावा लागतो. आपल्याकडे पहिल्या पावसात ओढ्याला लोंढा आला की चढणीचे मासे धरायला लोक रात्री बॅटरी आणि कोयता घेऊन उतरतात. रायगडकडे त्यांना वलगनीचे मासे म्हणतात. तिथे वितभर पाण्यातही पहिले दोन-तीन घाव दगडावरच बसतात. हात सरावला की नेम आपोआप खाली जातो, का ते कुणी सांगू शकत नाही.

पण कोकणच्या समुद्रात भाला कधी मुख्य हत्यार झाला नाही. कारण साधं आहे. खाड्यांचा गाळ आणि पावसाळ्याचं पाणी यामुळे वर्षातला मोठा काळ किनारा गढूळ असतो. दिसतच नाही तिथे नेम कुठला धरणार? इथे रापण, डोल, पाग अशी न बघता काम करणारी जाळी वाढली. भाला वाढला तो नितळ पाण्यात. लक्षद्वीपच्या प्रवाळखडकांवर ओहोटीच्या वेळी लोखंडी सळईने कपारीतले ऑक्टोपस काढतात. निकोबारी लोक अनेक काट्यांचा भाला घेऊन उलांडी (तोल सांभाळायला बाजूला बांधलेलं लाकूड) असलेल्या नावेतून मासे मारतात आणि त्या नावेला ‘होडी’च म्हणतात. हवाईत कउइला नावाच्या जड लाकडाचे भाले करत. ते लाकूड इतकं घट्ट की पाण्यात बुडतं.

खरा बदल भाल्यात झाला नाही, डोळ्यांवर झाला. उघड्या डोळ्यांनी पाण्याखाली सगळं धूसर दिसतं, कारण आपला डोळा हवेसाठी बनलेला आहे. डोळ्यापुढे हवेची पोकळी आणि काच आली की मासा मासा दिसतो. जपानमधल्या ओकिनावातल्या इतोमान या कोळ्यांच्या गावी तामागुसुकू यासुतारो याने १८८४ साली लाकूड कोरून, काच बसवून पाणचष्मा केला. त्याला तिथे मीकागान म्हणतात. इतोमानचे कोळी तो डोळ्यांवर चढवून आग्नेय आशिया आणि पॅसिफिकमध्ये दूरवर मासेमारीला गेले. चष्म्यात एक खोट होती. नाक बाहेर राहायचं, त्यामुळे खोल गेल्यावर चष्म्यातली हवा दाबली जायची आणि तिला भर घालायला मार्ग नसायचा. डोळे ओढल्यासारखे व्हायचे. शिवाय दोन काचा जरा तिरप्या बसल्या तर एका माशाचे दोन मासे. नाक आत घेणारा एकाच काचेचा मास्क १९३० च्या दशकात आला आणि दोन्ही अडचणी मिटल्या.

मास्क आला तरी फसवणूक उरलीच, फक्त दिशा बदलली. मास्कमधून मासा सुमारे एक-तृतीयांश मोठा आणि एक-चतुर्थांश जवळ दिसतो. चार फुटांवरचा तांबोशी तीन फुटांवर वाटतो. नवख्याचा भाला आखूड पडतो तो यामुळे, आणि दोष मात्र भाल्याच्या लांबीला लागतो. मग तो आणखी लांब भाला मागवतो.

दुसरी गोष्ट रबर. चार्ल्स गुडइयरने १८३९ मध्ये गंधक आणि उष्णतेने रबर टिकाऊ करण्याची युक्ती शोधली आणि १८४४ मध्ये तिचं पेटंट घेतलं. त्याशिवाय हा भाला निव्वळ हाताच्या रेट्यावर राहिला असता. पाण्यात हात फेकून भाला मारायचा म्हणजे स्वप्नात पळण्यासारखं, पाणी हातालाच धरून ठेवतं. रबराने फेकीचा जोर मुठीत साठवला. मोटारीच्या जुन्या ट्यूबची पट्टी नाहीतर दवाखान्यात वापरतात ती लॅटेक्सची नळी, एवढ्यावर काम भागायचं. आजच्या महागड्या पोल स्पिअरलाही मागे रबराचा तोच फास असतो.

छंद म्हणून हे सगळं एकत्र आलं ते फ्रान्सच्या भूमध्य किनाऱ्यावर. गाय गिलपॅट्रिक हा अमेरिकन वैमानिक-लेखक आंतीब भागात राहायचा. त्याने आपला विमान चालवतानाचा गॉगल पुट्टी आणि रंग लावून जलरोधक केला आणि हातभाला घेऊन पाण्यात उतरला. १९३३ मध्ये लुई द कोरलियूने पायात घालायच्या रबरी फिनचं पेटंट घेतलं. त्याच साली तिकडे अमेरिकेत सॅन डिएगोत ग्लेन ऑर, जॅक प्रोडानोविच आणि बेन स्टोन यांनी ‘बॉटम स्क्रॅचर्स’ क्लब काढला. सभासद व्हायचं तर एका श्वासात बुडी मारून अबलोनी शिंपले काढायचे, नुसत्या हातांनी शेवंड धरायची आणि शिंगाळा शार्कही हातानेच वर आणायचा. चंदा भरणं त्यापेक्षा सोपं असतं.

मग बंदुका आल्या. आधी स्प्रिंगच्या, पुढे रबराच्या आणि दाबलेल्या हवेच्या. १९४३ मध्ये कूस्तो आणि गान्यां यांचं ॲक्वालंग, म्हणजे पाठीवरच्या टाकीतून पाण्याखाली श्वास देणारं यंत्र, आलं आणि माणूस माशाच्या दारात श्वास घेत बसू लागला. गोबऱ्यासारख्या माशाला हे जड गेलं. तो हळू वाढतो, ठरलेल्या कपारीत राहतो आणि माणूस आला की पळण्याऐवजी कुतूहलाने बाहेर डोकावतो. फ्रान्सने भूमध्यातल्या मेरू गोबऱ्याची पाण्याखालची शिकार कॉर्सिकात १९८० मध्ये आणि मुख्य भूमीच्या किनाऱ्यावर १९९३ मध्ये थांबवली. ज्या किनाऱ्यावर हा छंद वाढला, तिथेच ही वेळ आली.

कायदे करणाऱ्यांपुढे प्रश्न होता, रेघ कुठे ओढायची? फ्लोरिडाशेजारच्या बहामा या बेटांच्या देशाने ती खटक्यावर ओढली. स्पिअरगन बंद, पोल स्पिअर आणि हवाईयन स्लिंग चालेल. स्कूबा टाकी लावून शिकार बंद, धरलेल्या श्वासावर चालेल. न्यू प्रॉव्हिडन्स बेटाच्या एक मैल परिसरात भाला चालवायचा नाही, बहुतेक इतर बेटांपासून २०० यार्डांच्या आतही नाही. बर्म्युडातही स्पिअरगनला मनाई आहे. म्हणजे जो भाला दुकानात ‘सुरुवातीचा’ म्हणून विकतात, तो तिथे कायद्याने शेवटचा आहे. पन्नास वर्षं पाण्यात काढलेला बहामियन कोळीही त्यापुढे जात नाही, आणि त्यामुळे त्याचं काही अडलेलं दिसत नाही.

गंमत म्हणजे फ्लोरिडातल्या मायामीहून बहामाचं बिमिनी बेट जेमतेम ८० किलोमीटर. फ्लोरिडात शेवंडीला भाल्याने भोक पाडणं गुन्हा आहे, ती हातानेच धरायची. बिमिनीत मोसमात, म्हणजे १ ऑगस्ट ते ३१ मार्च, तीच शेवंड भाल्यावर येते. फ्लोरिडातून बोट घेऊन जाणाऱ्याने गन घरी ठेवावी आणि निघण्यापूर्वी त्या वर्षीचे नियम वाचावेत. आपल्याकडे मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे आणि भाला घेऊन जायची ती जागा नव्हे. तिथे मास्क घालून नुसतं बघायचं.

आता टोकाकडे येऊ. तीन काट्यांचं टोक सर्वांत जुन्या घराण्यातलं. नदीकाठच्या भाल्यांना जगभर असेच काटे असत. काटे जरा फाकलेले असतात, ते मासा टोचला की त्याला चिमटीत धरतात. नेम इंचभर चुकला तरी एखादा काटा लागतो. खडकावर आपटले तर वाकतात, पण पकडीने सरळ होतात. नवख्याचा भाला खडकावर आपटणार हे धरूनच चालावं. मोठ्या माशाला मात्र ते पुरत नाहीत, वरवर टोचतात आणि मासा जखमी होऊन निसटतो. एका टोकाचा, पंख उघडणारा फ्लॉपर माशाच्या पलीकडून बाहेर येऊन उघडतो आणि मासा मागे सरकू देत नाही.

तिसरं टोक म्हणजे स्लिप टिप. ते दांड्यातून सुटतं, माशाच्या आत आडवं होतं आणि दोरीवर धरून ठेवतं. ही अक्कल आर्क्टिकमधल्या इन्यूइट शिकाऱ्यांची. हाडाच्या नाहीतर हस्तिदंताच्या टोकाला मधोमध दोरी बांधायची, की ओढ बसताच ते कातडीखाली बटणासारखं आडवं फिरतं. अमेरिकेतल्या न्यू बेडफर्ड या व्हेलच्या शिकारीच्या बंदरात लुईस टेंपल या कृष्णवर्णीय लोहाराने १८४८ मध्ये त्याच तत्त्वावर लोखंडी हारपून, म्हणजे दोरी बांधलेला व्हेलचा भाला, घडवला. व्हेलच्या शिकारीत तो सगळीकडे पसरला. टेंपलने पेटंट घेतलं नव्हतं. तो १८५४ मध्ये वारला आणि मागे कर्ज राहिलं. त्या वेळेपासून टोकाच्या रचनेत मुळातून काही बदललेलं नाही, धातू तेवढा चांगला झाला. नवख्याला मात्र याची गरज नसते. तो ज्या माशांवर जातो ते वितभर-हातभर असतात, आणि अशा माशावर स्लिप टिप वापरली तर खायला फारसं उरत नाही.

दांड्याचा इतिहास सर्वांत छोटा. बांबू आणि लाकूड, मग फायबरग्लास, अल्युमिनियम, कार्बन. फायबरग्लास स्वस्त आणि मार खाणारं. लांबी वाढली की सुटताना ते सापासारखं लवतं आणि जोर त्या लवण्यातच जातो. अल्युमिनियम ताठ, पण एकदा वाकलं की वाकलं. कार्बन हलका आणि ताठ, पण खडकावरचा घाव आणि खिसा दोन्ही सांभाळावे लागतात. माझं मत विचाराल तर सहा-सात फुटांचा फायबरग्लास, तीन काटे, आणि पुढे टोक बदलता येईल असे आटे. रबर मात्र दोन घ्यावीत. ऊन आणि खारं पाणी रबर खातात, दांडा तुटण्याआधी फास तुटतो. आणि भाल्याआधी सोबती शोधावा, कारण श्वास धरून बुडणारा माणूस वर येताना शेवटच्या काही मीटरमध्ये, काही न कळता बेशुद्ध होऊ शकतो. एक खाली, एक वर बघत, हा नियम कुठल्याही लांबीच्या भाल्याला लागू.

गेल्या काही दशकांत या भाल्याला एक नवं गिऱ्हाईक मिळालं. लायनफिश हा हिंदी-पॅसिफिक महासागरातला मासा, आपल्याकडच्या पाण्यातला. १९८५ मध्ये तो फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर दिसला आणि पुढे बहामा, कॅरिबियनपर्यंत पसरला. तिथल्या लहान माशांना तो शत्रू वाटतच नाही, त्यामुळे तो निवांत खातो. फ्लोरिडाने त्याच्यासाठी संख्येची मर्यादा ठेवलेली नाही, आणि पोल स्पिअरने मारायचा तर हौशी मासेमाराला परवानाही लागत नाही. हा मासा पळत नाही. पिसारा फुलवून कपारीत तरंगत राहतो, कारण पाठीवरच्या विषारी काट्यांवर त्याचा भरवसा असतो. त्यामुळे सात फुटांचा भाला इथे उलट अडचण करतो. दोन-तीन फुटांचे आखूड, चार-पाच काट्यांचे भाले खास त्याच्यासाठी निघाले. मारलेला मासा हाताने काढायचा नाही. डब्याच्या तोंडातून भाला माशासकट आत ढकलायचा, मागे ओढून घ्यायचा, मासा आत राहतो आणि टोक मोकळं.