फँटसी आरपीजी : खरेपणा आणि अतिशयोक्तीचा मेळ

फँटसी आरपीजी (रोल-प्लेइंग गेम, म्हणजे खेळणारा एखाद्या पात्राची भूमिका घेतो असा) व्हिडिओ गेममध्ये नायक ड्रॅगनशी झुंजतो, हातातून जाळ काढतो. तरी ते जग खेळणाऱ्याला खरे वाटावे लागते. अतिशयोक्ती कितीही मोठी असली तरी ती पचते. खरेपणा मोडतो तो बहुधा नियम मध्येच बदलल्यामुळे.

उंचावरून पडण्याचे उदाहरण घेऊ. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या टेबलावर फाशांनी खेळायच्या आरपीजीच्या पाचव्या आवृत्तीत पडझडीची इजा दर १० फुटांना सहा बाजूंचा एक फासा टाकून मोजतात, जास्तीत जास्त २० फासे. बेळगाव जिल्ह्यातला गोकाकचा धबधबा सुमारे ५२ मीटर, म्हणजे १७० फूट. १७ फाशांची सरासरी ५९-६० येते. इजा प्राणबिंदूंतून, म्हणजे पात्राच्या जीवाच्या मापातून, वजा होते. १०० प्राणबिंदूंचा योद्धा धडपडत उठतो; ४ बिंदूंचा साधा गावकरी वाचत नाही. दोघांना नियम एकच, म्हणून हे पटते. हाच योद्धा पुढे कथेच्या दृश्यात माडीवरून पडून मेला, की खेळणारा विचारणारच, 'मग मघाशी कसा वाचला?' शिवाय धबधब्याखालून चालत आलेला माणूस पाहून काठावरचे कुणी दचकले नाही, तरी सगळे पुठ्ठ्याचे वाटू लागते. तिथे दचकण्याचे दोन-तीन संवाद लिहिलेच पाहिजेत. इतक्या कमी कष्टात एवढा परिणाम दुसरे काहीच देत नाही.

काळाचा हिशेबही असाच. 'स्कायरिम' या आरपीजी व्हिडिओ गेममध्ये (२०११) घड्याळ २० पट धावते, दिवस ७२ मिनिटांत संपतो. बेळगाव ते खानापूर सुमारे २६ किलोमीटर. नकाशा २० पट आखडला तर १.३ किलोमीटर, पायी पंधरा मिनिटे. एवढ्या वाटेत बेळगावची शेते मागे पडून दाट झाडी, लाल माती आणि वाढता पाऊस दिसायला हवा. दर दोनेक मिनिटांनी ओढा, वाडी किंवा देऊळ नसेल तर कंटाळा येतो. पहिली फेरी पायी करायला लावावी, मग थेट प्रवासाची सोय द्यावी.

भुकेत मात्र हेच घड्याळ अंगलट येते. दिवसाला तीन जेवणे धरली तर दर २४ मिनिटांनी भाकरी शोधत बसावे लागते. त्यापेक्षा दिवसातून एक जेवण ठेवावे आणि उपाशी राहिल्याची शिक्षा देण्याऐवजी जेवल्यावर ताकद वाढवावी. 'बाल्डर्स गेट ३' (२०२३) हा व्हिडिओ गेम वेगवेगळी जेवणे मोजतच नाही. काठिण्याच्या मध्यम पातळीवर पूर्ण रात्रीच्या मुक्कामाला शिध्याचे ४० एकक घेतो.

ओझ्याबाबत 'स्कायरिम'ची सुरुवातीची मर्यादा ३०० आहे आणि मूळ खेळात बाणांना वजनच नाही. ती सवलत योग्य आहे. खटकते ते एक एकक जास्त होताच धावणे बंद पडणे; वेग टप्प्याटप्प्याने कमी केला तर ओझे खांद्याला जाणवते.

सीमाभागावर खेळ बेतायचा तर सर्वांत आधी भाषा सांभाळावी. निपाणीच्या बाजारातला दुकानदार मराठीत भाव सांगता सांगता कन्नड गिऱ्हाइकाकडे वळतो, तेव्हा 'एष्टु?' (किती?) याचे उत्तर कन्नडमध्येच देतो. खानापूरकडे कोकणीची छटा येते, गोकाकचा पहारेकरी आधी कन्नडमध्ये हटकतो. नायकाला कन्नड येत नसेल तर दुभाषी लागावा किंवा सौदा महाग पडावा. राक्षसाशी लढणारा नायकसुद्धा मग त्याच बाजारातला वाटतो. सगळी पात्रे छापील पुणेरी मराठी बोलू लागली, तर राजहंसगडाचा दगड न् दगड हुबेहूब रंगवूनही तो गड बेळगावचा वाटणार नाही.