जळगावचा मे महिना आणि बर्फातल्या जिवाणूंची एन्झाइम

मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा 44-45 अंशांवर चढतो. अंटार्क्टिकातल्या एका सागरी जिवाणूचं अमायलेज, म्हणजे पिष्ट तोडणारं एन्झाइम (रासायनिक क्रियेचा वेग वाढवणारं प्रथिन), साधारण 44 अंशांनाच उलगडून निकामी होतं. डुकराच्या स्वादुपिंडातलं अमायलेज त्याचंच भावंड, पण ते 65 अंशांपर्यंत तग धरतं. बेल्जियममधल्या लिएज विद्यापीठाने 1990 च्या दशकात या जोडीचा कसून अभ्यास केला. कडाक्याच्या थंडीत रेणूंची हालचाल मंदावते, म्हणून बर्फातल्या एन्झाइमची घडण सैल असते, आतले बंध कमी असतात. सैलपणामुळे ते थंडीत चालतं आणि त्याच सैलपणामुळे उन्हात मोडतं.

पण बराच काळ थंडीत वाढणारे जिवाणू मुख्यतः उपद्रवी म्हणून माहीत होते. 1887 मध्ये फॉर्स्टर यांनी माशांवरचे चमकणारे जिवाणू शून्य अंशालाही वाढतात, असं नोंदवलं. 1902 मध्ये श्मिट-नील्सन यांनी 'सायक्रोफाइल', म्हणजे शीतप्रेमी, हे नाव दिलं. पुढे 20-25 अंशांना जोमाने वाढणारेही याच नावाखाली मोजले जाऊ लागले. तो घोळ 1975 मध्ये मोरिटा यांनी मिटवला: शून्य किंवा त्याखालीही वाढणारे, 15 अंश वा त्याहून कमी तापमानाला सर्वाधिक फोफावणारे आणि 20 च्या आसपास थांबणारे तेच खरे शीतप्रेमी, बाकीचे शीतसहिष्णू. भारतात हैदराबादच्या सीसीएमबीने (पेशी आणि रेणूंच्या जीवशास्त्राची संशोधन संस्था) अंटार्क्टिकातल्या बर्फमुक्त शिर्माखर ओअ‍ॅसिसच्या मातीतून असा एक शीतसहिष्णू जिवाणू वेगळा करून 1992 मध्ये त्याचं वर्णन केलं.

शीतसहिष्णूंची ओळख आपल्याकडच्या दूध संकलन केंद्राला चांगलीच आहे. बल्क कूलरमध्ये 4 अंशांवर दूध दोन-तीन दिवस थांबलं की स्युडोमोनास नावाचे जिवाणू वाढतात. 72 अंशांवर 15 सेकंद पाश्चरायझेशन केलं की जिवाणू मरतात, पण त्यांनी आधीच सोडलेली प्रोटिएज (प्रथिनं तोडणारी) आणि लायपेज (चरबी तोडणारी) एन्झाइम टिकतात. दूध नंतर कडवट होतं. म्हणजे थंडीत वाढणाऱ्याचं प्रत्येक एन्झाइम नाजूक असेलच असं नाही. प्रत्येकाची चाचणी करावीच लागते.

हिमनदीच्या नमुन्यातून हे जिवाणू मिळवताना हमखास होणारी चूक एकच: वितळलेलं अगार (जिवाणू वाढवायचं, थंड झाल्यावर घट्ट होणारं माध्यम) 45 अंशांना असताना त्यात नमुना मिसळणं. ओतताक्षणीच खरे शीतप्रेमी मरतात, आणि प्लेटवर जे उगवतं ते भलतंच. आधी थंड केलेल्या, सौम्य पोषक माध्यमाच्या प्लेटवर नमुना पसरावा, 4 अंशांना ठेवावा आणि दोन ते चार आठवडे थांबावं. दुधाची भुकटी घातलेल्या अगारवर वसाहतीभोवती स्वच्छ कडं दिसलं, तर प्रोटिएज आहे.

नाजूकपणाचा फायदा प्रयोगशाळेला झाला. डीएनएच्या टोकाचा फॉस्फेट काढायला पूर्वी वासराच्या आतड्याचं फॉस्फेटेज वापरत. ते उष्णतेने सहज निकामी होत नसल्याने फिनॉलने धुवावं लागे. अंटार्क्टिक जिवाणूचं फॉस्फेटेज 65 अंशांवर पाच मिनिटांत संपतं, नळी बदलावी लागत नाही.

खान्देशात अडचण येते ती साठवणीत. अशी एन्झाइम 50 टक्के ग्लिसरॉलमध्ये उणे 20 अंशांना ठेवतात. बर्फ आपोआप वितळवणारा फ्रीझर वापरू नये, कारण त्यातलं तापमान सारखं वरखाली होतं. उन्हाळ्यात पार्सल सकाळी सोडवून घ्यावं. ट्रिस बफरचा (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणाचा) पीएच कामाच्या तापमानालाच जुळवावा: 25 अंशांना 8.0 असलेला पीएच 4 अंशांना जवळपास 8.6 होतो, आणि मग एन्झाइम मंद वाटतं.