पावसाचा अंदाज एकच, पण ऐकणारा काय ऐकतो? थोडी पार्श्वभूमी

जुलै २०१७ मध्ये बीडच्या माजलगाव तालुक्यातल्या शेतकऱ्यांनी थेट हवामान खात्याविरुद्धच पोलिसांत तक्रार दिली होती, फसवणुकीची. खात्यानं एप्रिलमध्ये सांगितलं देशात सरासरीच्या ९६ टक्के पाऊस, जूनमध्ये ते ९८ केलं, लोकांनी पेरण्या उरकल्या आणि पावसानं दडी मारली. बऱ्याच जणांना ही तक्रार विचित्र वाटली, मला अजिबात वाटत नाही.

कारण तो आकडा अख्ख्या देशाचा, जून ते सप्टेंबर चार महिने मिळून, एप्रिलच्या अंदाजात तर ५ टक्के कमीजास्त धरलेले. पण कोरडवाहू कापूस-सोयाबीनवाला त्यातून माझ्या शिवारात पेरणीच्या टायमाला पाऊस पडणार का एवढंच ऐकणार ना, दुबार पेरणीचं बियाणं त्यालाच घ्यावं लागतं.

ऐकणारा आपल्या गरजेप्रमाणं अर्थ लावतो हे माध्यमांच्या अभ्यासकांना कळायला बराच वेळ लागला. आधी समज असा की पेपर-रेडिओवरून सांगाल ते लोकांच्या डोक्यात इंजेक्शनसारखं उतरतं. मग १९४० च्या अमेरिकी निवडणुकीत पॉल लाझार्सफेल्ड आणि सहकाऱ्यांनी ओहायोतल्या एका काउंटीत तेच तेच मतदार परत परत गाठले, तेव्हा दिसलं की लोक ओळखीतल्या जाणत्या माणसाचं जास्त मानतात. आपल्याकडं तो कृषी सेवा केंद्रवाला असतो किंवा पारावर बसणारं एखादं म्हातारं माणूस.

खरी कलाटणी १९७३ ची. जमैकात जन्मलेले अभ्यासक स्टुअर्ट हॉल यांनी इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅममध्ये काम करताना मांडलं की पाठवणारा अर्थ भरतो पण घेणारा तो आपल्या जागेवरून उलगडतो: कुणी आहे तसा घेतो, कुणी अर्धा मानून स्वतःपुरता बदलतो, कुणी उलटाच लावतो. आता हेच गावात बघा. एक जण अंदाज ऐकून लगेच पेरतो, दुसरा म्हणतो असेल बरोबर पण चांगली ओल झाल्याशिवाय तिफण काढायची नाही, आणि तिसरा म्हणतो हे सगळं बियाणं खपवायला चाललंय. माजलगावच्या तक्रारीत बियाणं-औषध कंपन्यांशी संगनमताचा आरोप होताच.

पुढं डेव्हिड मॉर्लेनी बीबीसीचा 'नेशनवाइड' हा चालू घडामोडींचा टीव्ही कार्यक्रम बँक मॅनेजर, कामगार संघटनावाले, विद्यार्थी, शिकाऊ कामगार अशा गटांना दाखवला, १९८० मध्ये निष्कर्ष छापले. शिकाऊ कामगार आणि बँक मॅनेजर यांचा अर्थ बराचसा जुळला! म्हणजे नुसत्या वर्गावरून सांगता येत नाही. इथंही तेच, एकाच भावकीतले दोघं, पण विहिरीला पाणी असलेल्यानं ऐकलेला अंदाज आणि नसलेल्यानं ऐकलेला अंदाज वेगळा, आणि बातमी देणाऱ्यांनी ती देताना हा दुसरा माणूस डोळ्यासमोर ठेवायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.