मोटारीच्या अंतर्भागाचे घरगुती रंगकाम

मोटारीच्या अंतर्भागाचे घरगुती रंगकाम : मोटारीच्या आतील प्लास्टिकचे भाग गाडीतून सुटे करून, घरी धुऊन-घासून त्यांवर स्प्रेने नवा रंग चढवण्याचे काम. डॅशबोर्डवरील पट्ट्या, एसीच्या जाळ्या, गिअरभोवतीची चौकट, काचांच्या बटणांची पॅनेले, दारांची आतील हँडले आणि क्वचित पूर्ण डोअर पॅड यांचा त्यात समावेश होतो. मुंबईत गाडीच्या बाहेरील पत्र्याचे रंगकाम घरी करणे बहुतेकांना अशक्यच असते, कारण गाडी उभी करण्याची जागा सोसायटीची, धूळ सर्वांची आणि तक्रार करणारे शेजारी पुष्कळ. आतले भाग मात्र पिशवीत घालून लिफ्टने सहाव्या मजल्यावर नेता येतात आणि गॅलरीत वर्तमानपत्र अंथरून रंगवता येतात. या शहरात हौशी माणसाच्या हाती उरलेले मोटारीचे रंगकाम ते एवढेच.

कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनीचा डॅशबोर्ड पत्र्याचा होता, त्यामुळे डेंटिंग-पेंटिंग करणारा कारागीर बाहेरचा रंग मारताना त्यावरही हात फिरवू शकत असे. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि पुढच्या काळात गाडीच्या आतला जवळजवळ सगळा दृश्य भाग प्लास्टिकचा झाला. या प्लास्टिकमध्ये रंग बहुधा साच्यात ओतण्यापूर्वीच मिसळलेला असतो. तो भाग मुळात रंगवलेला नसतोच, आणि म्हणूनच त्यावर नवा रंग धरवणे हे पत्र्यावर रंग मारण्यापेक्षा वेगळे शास्त्र आहे. भारतात अनेक गाड्यांना आतून बेज रंग दिला जातो. तो शोरूममध्ये प्रशस्त वाटतो, पण मळखाऊ नसल्याने पावसाळ्यातील ओल्या छत्र्या आणि चिखलाच्या चपला त्याची दोन-तीन वर्षांत रया घालवतात. बेजचा काळा किंवा करडा करणे हे या रंगकामामागचे एक नेहमीचे कारण होय.

दुसरे कारण मुंबईच्या हवेतच आहे. अनेक गाड्यांच्या बटणांवर, हँडलांवर आणि जाळ्यांवर हाताला मऊ लागणारा पॉलियुरेथेनचा पातळ थर दिलेला असतो. उष्णता आणि आर्द्रता यांमुळे या थरातील रासायनिक बंध पाण्याच्या रेणूंशी अभिक्रिया होऊन तुटत जातात (या क्रियेस जलविच्छेदन म्हणतात) आणि काही वर्षांत पृष्ठभाग गुळाच्या पाकासारखा चिकट होतो. त्यावर धूळ बसते, नखाचे ओरखडे उठतात, पुसायला घेतलेल्या कापडाचे तंतू अडकतात. अशा थरावर रंग मारणे म्हणजे ओल्या भिंतीवर चुना देणे होय, कारण खालचा थर सडत राहतो आणि वरचा रंग सालपटासारखा सुटतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापडाने व बारीक नायलॉनच्या घासणीने तो संपूर्ण थर खरवडून कडक प्लास्टिक उघडे पाडल्याखेरीज पुढचे काम सुरू करू नये. एका दाराच्या हँडलालाही यात तासभर सहज जातो. पुष्कळदा हा थर निघाल्यावर खालचे काळे प्लास्टिक इतके नीट दिसते, की रंगाची गरजच उरत नाही.

भाग कोणत्या प्लास्टिकचा आहे हे बहुधा त्याच्या मागील बाजूस दोन कोनचिन्हांमध्ये उठावाच्या अक्षरांत कोरलेले असते. एबीएस (एक कडक प्लास्टिक) असल्यास काम सोपे, कारण त्यावर प्राइमर, म्हणजे रंगाआधी द्यायचा अस्तराचा हात, चांगला धरतो. मात्र तीव्र थिनर, अ‍ॅसिटोन किंवा पेट्रोल लावल्यास एबीएस विरघळते अथवा त्याला केसासारख्या भेगा पडतात, म्हणून तो भाग पेट्रोलने पुसू नये. पीपी, म्हणजे पॉलिप्रोपिलीन, असल्यास अडचण उलटी असते. त्याची पृष्ठऊर्जा इतकी कमी असते, की रंग त्यावर नीट पसरत नाही आणि धरतही नाही, त्यामुळे प्राइमरच्या आधी पॉलिप्रोपिलीनसाठीच मिळणाऱ्या पारदर्शक पकड-द्रव्याचा पातळ हात द्यावा लागतो. पॉलिप्रोपिलीन पाण्यावर तरंगते आणि एबीएस बुडते, अशी एक चाचणी सांगितली जाते. शुद्ध पॉलिप्रोपिलीनची घनता ०.९ च्या आसपास असल्याने ती त्याच्यापुरती खरी आहे, परंतु मोटारीच्या भागांत त्यात अनेकदा २० टक्के टाल्क (शंखजिऱ्याची भुकटी) मिसळलेले असते आणि असे मिश्रण पाण्यात बुडते. बादलीपेक्षा मागचा शिक्का वाचणे बरे.

भाग काढताना लोखंडी स्क्रू ड्रायव्हरऐवजी प्लास्टिकची पट्टी वापरावी. तिने कडा दबत नाहीत आणि आतील क्लिपा तुटण्याचा संभव कमी होतो, तरी दोन-चार क्लिपा तुटतात हे गृहीत धरून आधीच आणून ठेवाव्यात. ऑपेरा हाउसजवळच्या कार अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानांत किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरील सुट्या भागांच्या बाजारात त्यांची चौकशी करता येते. याच सीएसटी रोडवर जुना भाग मिळाला, तर तो रंगवून बसवावा आणि मूळ भाग माळ्यावर जपून ठेवावा, हा मार्ग नवशिक्याला सर्वांत सुरक्षित आहे. बटणांच्या वायरी सोडवण्यापूर्वी बॅटरीचे ऋण टोक काढून काही मिनिटे थांबावे. १ जुलै २०१९ पासून चालकासमोरील एअरबॅग नव्या गाड्यांना बंधनकारक झाली आहे, आणि पुष्कळ गाड्यांत त्या समोर, आसनांत व छताच्या कडेलाही असतात. एअरबॅग ज्या झाकणातून फाटून बाहेर येते ते झाकण रंगवू नये, कारण रंगाच्या थरामुळे फाटण्याची शिवण ताठरू शकते आणि सुटलेले तुकडे चेहऱ्यावर उडू शकतात. स्टिअरिंगचा मधला भाग, डॅशबोर्डवरील एअरबॅगचे झाकण आणि छताच्या कडेला एअरबॅग असलेल्या गाड्यांत काचांमधील खांबांवरची आवरणे यांना हातच लावू नये.

रंगापेक्षा साफसफाईला अधिक वेळ लागतो. डॅशबोर्ड चकाकण्यासाठी वर्षानुवर्षे लावलेल्या पॉलिशमधील सिलिकॉन हा या कामाचा मुख्य शत्रू आहे. तो डोळ्यांना दिसत नाही, पण त्यावर स्प्रे पडताच रंग मागे सरकतो आणि सुईच्या टोकाएवढे गोल खळगे पडतात. म्हणून घासण्यापूर्वी भाग भांडी धुण्याच्या साबणाने दोनदा धुवावा, मगच पॉलिश पेपर मारावा, अन्यथा सिलिकॉन घासून ओरखड्यांच्या आत बसतो. ओरखडे खोल असल्यास ४०० क्रमांकाचा आणि नेहमीच्या कामास ६०० ते ८०० क्रमांकाचा वॉटर पेपर पाण्यात भिजवून चालवावा. एखादा खोल खड्डा असल्यास लवचीक लांबी भरून, वाळल्यावर पुन्हा पेपर मारावा. शेवटी अल्कोहोलने पुसून त्यानंतर बोट लावू नये.

हवेचा विचार सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि मुंबईत तो टाळताच येत नाही. रंगातील द्रावक वेगाने उडताना पृष्ठभाग थंड करतो. हवा दमट असल्यास त्या थंड पृष्ठभागावर बाष्प साचते आणि ओल्या रंगात अडकून त्यावर दुधट पांढुरकी छटा येते. काळ्या रंगावर ती ताबडतोब डोळ्यांत भरते. जुलै-ऑगस्टमध्ये येथील सापेक्ष आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आसपास वा त्याहून अधिक राहते आणि त्या दिवसांत हे काम करू नये. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला, त्यातही दव सरल्यानंतरची सकाळ आणि दुपार. एक चूक अगदी सहज होते : भाग एसी लावलेल्या खोलीत कोरडा करून थेट गॅलरीत आणून रंगवायला घेतला जातो. बाहेर ३० अंश सेल्सिअस तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता असेल, तर दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतील बाष्पाचे पाणी होऊ लागते तो) सुमारे २७ अंशांवर येतो, म्हणजे २४ अंशांवर थंड झालेला भाग बाहेर येताच घामेजतो. एसीच्या गाडीतून उतरताना चष्मा धुरकटतो तसेच हे आहे, फक्त येथे ते पाणी रंगाखाली कोंडले जाते. भाग अर्धा तास गॅलरीतच ठेवून हवेच्या तापमानाला येऊ द्यावा, मग डबा हाती घ्यावा.

डबा किमान दोन मिनिटे हलवावा आणि २० ते ३० सेंटिमीटर अंतरावरून, भागाच्या कडेबाहेर सुरुवात करून कडेबाहेरच थांबेल असा सरळ हात चालवावा. पहिला हात इतका विरळ असावा, की खालचे प्लास्टिक अर्धवट दिसत राहील. एकाच हातात रंग झाकला जावा या घाईतून ओघळ येतात. दहा-पंधरा मिनिटांच्या अंतराने दोन-तीन विरळ हात पुरतात. त्याहून उशीर झाल्यास डब्यावर दिलेली वेळ पाहावी, कारण काही इनॅमल रंगांवर अर्धवट वाळलेल्या अवस्थेत पुढचा हात पडला, तर संपूर्ण थराला सुरकुत्या पडतात. त्यानंतर मॅट (बिनचमकेच्या) किंवा चमकदार क्लिअरचे, म्हणजे रंगावरील पारदर्शक संरक्षक थराचे, दोन हात द्यावेत. स्पर्शाला रंग अर्ध्या तासात सुकतो, परंतु भाग पुन्हा बसवण्याइतका कणखर होण्यास कोरड्या हवेत एक दिवस आणि पूर्ण कठीण होण्यास आठवडाभर लागतो.

स्प्रेच्या डब्यातील दाबवायू ज्वालाग्राही असतो. गॅलरी स्वयंपाकघराला लागून असल्यास शेगडी बंद असावी आणि देवघरातील समईही विझलेली असावी. साधा कापडी मास्क रंगाचे कण काही प्रमाणात अडवतो, पण द्रावकाची वाफ अडवत नाही, त्यासाठी सक्रिय कार्बनची नळकांडी असलेला मास्क लागतो. हार्डनर मिसळून वापरायचा दोन घटकांचा क्लिअर अधिक टिकाऊ असतो. तथापि त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात, ज्यांच्यामुळे कायमचा दमा जडू शकतो, त्यामुळे राहत्या घरात तो वापरणे योग्य नाही. ते काम बाहेरून हवा पुरवणारा मास्क असलेल्या गॅरेजवर सोडावे. वाऱ्यावर उडालेला रंग खालच्या मजल्यावर वाळत घातलेल्या कपड्यांवर उतरतो, हेही लक्षात ठेवावे. मोठ्या पुठ्ठ्याच्या खोक्यात भाग ठेवून त्यातच स्प्रे केल्यास हा प्रसंग बहुतांशी टळतो.

रंगाच्या निवडीत एकच पथ्य कडक आहे : डॅशबोर्डचा वरचा भाग उजळ किंवा चमकदार करू नये, त्याचे प्रतिबिंब समोरच्या काचेत पडून दुपारच्या उन्हात रस्ता दिसेनासा होतो. चकचकीत काळा रंग दुकानात देखणा दिसतो, मात्र पहिल्याच पुसण्यात त्यावर बारीक रेषांचे जाळे उमटते, म्हणून मॅट किंवा अर्धचमक छटा अधिक शहाणपणाची. कायद्याच्या दृष्टीने, नोंदणी प्रमाणपत्रात गाडीच्या बाहेरील रंगाची नोंद असते, आतील भागांच्या रंगाची नसते.

रंगाऐवजी व्हिनाइलचा चिकट पडदा चढवणे किंवा पाण्यावर तरंगत्या छपाईतून लाकडी नक्षी उतरवून घेणे हेही मार्ग आहेत. पहिला घरी जमण्याजोगा आणि मागे घेता येण्याजोगा आहे, दुसरा कारखान्यात करून घ्यावा लागतो. भाग बसवल्यावर पहिले काही दिवस गाडी भर उन्हात बंद करून ठेवू नये, कारण उरलेले द्रावक तापून काचेवर धूसर थर धरतात. डास पळवण्याच्या काही मलमांतील डीईईटी हे द्रव्य प्लास्टिक व रंग मऊ करते. असे मलम चोळलेला हात डोअर पॅडवर टेकला, तर बोटांचे ठसे कायमचे उमटू शकतात, म्हणून पुढच्या डागडुजीसाठी उरलेला रंगाचा डबा आणि त्यावर छटेचा क्रमांक लिहिलेली मास्किंग टेप जपून ठेवावी.