कराडात फुटलेलं धरण

11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा माझी आजी कराडात होती. फळीवरची भांडी खाली आली, माजघराच्या भिंतीला चीर गेली, बाकी घर शाबूत. उजाडलं ते मात्र "धरण फुटलं" या ओरडण्यानं. पाणी हेळवाकला आलं, पाटणला आलं, आता पोहोचेलच. कोण सांगतंय ते कुणालाच ठाऊक नव्हतं. आजीनं गाठोडं बांधलं: दोन पातळं, दागिन्यांची डबी, देव्हाऱ्यातला बाळकृष्ण आणि थोडी ज्वारी.

त्याच सकाळी कोयनानगरात आजोबांचे मावसभाऊ शेजाऱ्यांच्या पोरांना ढिगाऱ्यातून ओढून काढत होते. त्या भूकंपात पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. धरणाला तडे गेले होते हे खरं, पण ते उभं राहिलं आणि नंतर बळकटही केलं गेलं. ते आजोबा पुढे सांगायचे, "आमच्याकडं धरणाचं नावसुद्धा कुणी काढलं नाही. कराडला आल्यावर कळलं, ते फुटलंय म्हणून."

ज्याचं घर पडलं तो गप्प आणि ज्याचं शाबूत राहिलं तो प्रलयाच्या गोष्टी सांगतोय, असं का? याचा शोध आपल्याच देशात सुरू झाला, आणि तो मराठीत फारसा सांगितला जात नाही याची मला खंत वाटते. 15 जानेवारी 1934 ला बिहारमध्ये मोठा भूकंप झाला. जमुना प्रसाद या मानसशास्त्रज्ञानं त्यानंतर उठलेल्या अफवा गोळा केल्या आणि 1935 साली त्यांवर निबंध प्रसिद्ध केला. गंगेचं पाणी गायब झालं आणि नहाणारी माणसं वाळूत रुतली. चंद्रग्रहणाच्या दिवशी पुन्हा भूकंप होणार. 26 फेब्रुवारीला प्रलय.

अमेरिकेतल्या लिऑन फेस्टिंगर या मानसशास्त्रज्ञाला हा निबंध वाचताना एक कोडं पडलं. यातल्या बहुतेक अफवा पडझडीच्या पट्ट्याबाहेर पसरल्या होत्या. धक्क्यातून वाचलेल्या माणसानं दिलासा देणाऱ्या गोष्टी रचाव्यात, तो स्वतःला आणखी घाबरवणाऱ्या गोष्टी का रचतो? त्याचं उत्तर असं: जमीन हादरली, छाती धडधडतेय, पण डोळ्यांसमोर भ्यावं असं काहीच नाही. हा बेबनाव मनाला सोसत नाही. मग मन भीतीला शोभेल असं कारण शोधतं. म्हणजे अफवेनं भीती निर्माण होते, तशीच भीतीनंही अफवा जन्माला येते. मनातला असा बेबनाव मिटवायला माणूस धडपडतो, या फेस्टिंगरनं 1957 साली मांडलेल्या 'बोधात्मक विसंगती'च्या सिद्धांतामागे बिहारच्या या नोंदी आहेत. दुर्गानंद सिन्हा यांनी दार्जिलिंगच्या दरडींनंतर प्रत्यक्ष विध्वंस पाहिलेल्या लोकांचा अभ्यास 1952 साली प्रसिद्ध केला. त्यांच्यात येणाऱ्या महासंकटाच्या तशा अफवा आढळल्या नाहीत. दोन वेगळ्या आपत्तींची अशी तुलना म्हणजे प्रयोग नव्हे. तरी मला ती पटते, कारण आमच्या घरात दोन्ही बाजूंची माणसं होती.

धरणाच्या अफवेत कुणी शत्रू नव्हता. अफवेत शत्रू शिरला की तिचं कारस्थान होतं, आणि कारस्थानाला तर्काशी फारसं देणंघेणं नसतं. ब्रिटनमधल्या केंट विद्यापीठातल्या संशोधकांनी 2012 साली दाखवलं की राजकन्या डायनाचा खून झाला असं ज्यांना जास्त वाटत होतं, त्यांनाच ती मेल्याचं नाटक करून लपली असावी असंही जास्त वाटत होतं. एकच बाई मेलेलीही आणि जिवंतही. 'वरचे लोक आपल्यापासून काहीतरी लपवताहेत' एवढा विश्वास पक्का असला की पुढचं सगळं खपतं.

अफवेत शत्रू शिरला की काय होतं, ते सांगली जिल्ह्यात रस्त्यावर घडलेलं आहे. सप्टेंबर 2022 मध्ये जत तालुक्यातल्या लवंगा इथं उत्तर प्रदेशातल्या चार साधूंना मुलं पळवणारे समजून जमावानं काठ्यांनी मारलं. ते विजापूरकडून पंढरपूरला निघाले होते आणि त्यांनी एका मुलाला वाट विचारली होती. पंढरीच्या वाटेवर अनोळखी माणसाला भाकरी वाढणारा हा मुलूख! म्हणूनच 'ती माणसंच तसली' असं म्हणून मला सुटता येत नाही. आपल्या लेकरासाठी जीव तुटणं ही चांगली भावना आहे. त्या दिवशी काठी तिनंच उचलली.

हिंसक अतिरेकाच्या अभ्यासात अरी क्रुग्लान्स्की या मानसशास्त्रज्ञांचं काम इथं उपयोगी पडतं. श्रीलंकेतलं युद्ध 2009 ला संपल्यावर पुनर्वसन केंद्रांत ठेवलेल्या लिट्टे या तमिळ बंडखोर संघटनेच्या माजी सदस्यांचाही त्यांच्या गटानं अभ्यास केला. त्यांच्या मते हिंसेकडे जायला तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात: आपणही कुणीतरी आहोत असं वाटण्याची भूक, त्यासाठी हिंसा योग्य आहे असं सांगणारी कथा, आणि त्या कथेला मान डोलावणारी आपली माणसं. दहशतवादी घडायला अनेकदा वर्षं लागतात. माझ्या मते चौकातल्या जमावात तेच तिन्ही धागे तासाभरात जुळतात. रक्षणकर्ता व्हायची संधी समोर, गोष्ट मोबाइलमध्ये, आणि भोवती ओळखीचे चेहरे.

यातली गोष्ट तोडता येते का? 2024 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दोन हजारांहून जास्त अमेरिकनांनी आपण मानत असलेलं कारस्थान संगणकाच्या कृत्रिम बुद्धिमत्तेला सांगितलं आणि त्यावर तिच्याशी चर्चा केली. तिनं हिणवलं नाही, ज्याच्या त्याच्या पुराव्याला नेमकं उत्तर दिलं. विश्वास सरासरी 20 टक्क्यांनी उतरला आणि दोन महिन्यांनीही तसाच उतरलेला राहिला. 'असल्यांशी काय बोलायचं' म्हणणाऱ्या आपणा सगळ्यांना ही चपराक आहे. पण उरलेल्या 80 टक्के विश्वासाचं काय, हाही प्रश्न आहेच.

कराडात त्या दिवशी दुपारी आजीचा धाकटा दीर प्रीतिसंगमावर गेला आणि पाण्याच्या कडेला एक काठी रोवून बसला. कोयना तिथं कृष्णेला मिळते, धरण फुटलं तर आधी तिथं कळणार. दिवे लागणीला तो घरी आला आणि म्हणाला, पाणी बोटभरही चढलं नाही. सगळ्यांनी ऐकलं, त्याला चहा दिला. त्या रात्री आळीतलं एकही माणूस घरात झोपलं नाही, आणि आजीचं गाठोडं संक्रांतीपर्यंत बांधलेलंच होतं.