निक ड्रेक : मृत्यूच्या आधीची गाणी

निक ड्रेक हा इंग्लंडचा गायक-गीतकार 25 नोव्हेंबर 1974 रोजी गेला, तेव्हा तो 26 वर्षांचा होता. त्याच्या नावावर तीन अल्बम होते आणि त्यांतल्या एकाच्याही त्या काळी पाच हजार प्रती खपल्या नव्हत्या. आज त्याचा विषय निघाला की आधी नैराश्य येतं, मग मृत्यू, आणि गाणी सगळ्यांत शेवटी. नव्याने ऐकायला बसणारा माणूसही बहुतेक वेळा याच क्रमाने आत शिरतो. शेवट ठाऊक असतो, म्हणून ओळीओळीत त्याच्या खुणा दिसू लागतात. यात निकवर मोठा अन्याय होतो असं मला मनापासून वाटतं. हे तीन अल्बम एका अतिशय काटेकोर, हट्टी आणि महत्त्वाकांक्षी तरुणाने विचार करून घडवले आहेत, आणि ते ज्या क्रमाने घडले त्याच क्रमाने ऐकायला हवेत.

निकचा जन्म 19 जून 1948 चा, रंगूनचा. वडील रॉडनी हे ‘बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन’मध्ये इंजिनिअर होते. याच कंपनीच्या सागवानाच्या वादाचं निमित्त होऊन 1885 मध्ये तिसरं इंग्रज-ब्रह्मी युद्ध झालं आणि थिबा राजा रत्नागिरीला कैदेत आला. पुढे अभिनेत्री झालेली निकची थोरली बहीण गॅब्रिएल लाहोरला जन्मली. निक लहान असतानाच कुटुंब इंग्लंडला परतलं आणि वॉरिकशरमधल्या टॅनवर्थ-इन-आर्डन या गावी स्थिरावलं. निकची आई मॉली पियानोवर स्वतःची गाणी रचून म्हणायची. ती कधी प्रसिद्ध करायचा विचार तिने केला नाही, पण घरच्या टेपरेकॉर्डरवर त्यांतली बरीच उतरली. 2013 मध्ये ती अल्बमरूपात सर्वांना मिळाली, तेव्हा निकच्या चाहत्यांना धक्काच बसला. सुरांची अनपेक्षित वळणं, आनंदाच्या ओळीखाली वाहणारी हुरहुर, हे सगळं तिथे आधीपासून होतं. निकची उदासी म्हणजे त्याचा आजार असं समजणाऱ्यांनी मॉलीची गाणी जरूर ऐकावीत. गाण्याचा हा स्वभाव त्याला घरातून मिळाला होता.

शाळेत पियानो, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन झाल्यावर तो गिटारकडे वळला. 1967 मध्ये काही महिने फ्रान्समधल्या एक्स-आँ-प्रोव्हान्सला राहिला आणि त्याच वर्षी इंग्रजी साहित्य शिकायला केंब्रिजच्या फिट्झविल्यम कॉलेजात दाखल झाला. गिटारच्या तारा तो नेहमीच्या पद्धतीने लावत नसे. प्रत्येक गाण्यासाठी वेगळी जुळणी करायची, म्हणजे काही तारा मोकळ्याच घुमत राहतात आणि उजव्या हाताची बोटं त्यांवर एक अखंड, न अडखळणारी लय धरतात. ती लय नीट ऐकून पाहा. आवाज हळुवार असला तरी खाली हात विलक्षण पक्का आहे. अनेक वादकांनी वर्षानुवर्षं खपून त्याच्या जुळण्या शोधून काढल्या, तरी ती सफाई सहजी कुणाला साधलेली नाही.

लंडनच्या राउंडहाउसमध्ये त्याला ऐकलं ते ‘फेअरपोर्ट कन्व्हेन्शन’ या बँडच्या अ‍ॅशली हचिंग्जने, आणि त्यानेच निकचं नाव निर्माता जो बॉइडच्या कानावर घातलं. बॉइडची ‘विचसीझन’ ही संस्था आयलंड रेकॉर्ड्‌ससाठी अल्बम करत असे. निकचा पहिला अल्बम, ‘फाइव्ह लीव्ह्ज लेफ्ट’, 1969 मध्ये आला. तो घडताना जे झालं त्यावरून निकचा खरा स्वभाव कळतो. तंतुवाद्यांच्या संयोजनासाठी बॉइडने रिचर्ड ह्यूसन या व्यावसायिक संयोजकाला बोलावलं. निकला त्याचं काम पटलं नाही. त्याने आपला केंब्रिजचा मित्र रॉबर्ट कर्बी याचं नाव पुढे केलं. कर्बीही विद्यार्थीच, अशा कामाचा अनुभव शून्य. वीस-एकवीस वर्षांच्या, पहिलाच अल्बम करणाऱ्या, एरवी तोंडातून शब्द न फुटणाऱ्या मुलाने हा आग्रह धरला आणि शेवटपर्यंत सोडला नाही. ‘वे टू ब्लू’मध्ये गिटार नाहीच, फक्त आवाज आणि कर्बीची तंतुवाद्यं आहेत. ते गाणं ऐकलं की निकचा आग्रह का होता ते उमगतं. ‘रिव्हर मॅन’ मात्र कर्बीला आपल्या आवाक्याबाहेरचं वाटलं. त्याचं संयोजन हॅरी रॉबिन्सनने केलं. पाच मात्रांच्या चालीत सरकणारं हे गाणं माझ्या मते त्याचं सर्वांत पूर्ण गाणं आहे.

अल्बमचं नाव घेतलं होतं रिझला या सिगारेटच्या कागदांच्या पाकिटातून. कागद संपत आले की शेवटची पाचच पानं उरल्याची सूचना त्यात यायची. निक त्यानंतर पाच वर्षांनी गेला, म्हणून पुढे लोकांनी या नावात भविष्यवाणी वाचली. उलटं ऐकण्याचा यापेक्षा स्पष्ट नमुना सापडणार नाही.

दुसरा अल्बम ‘ब्रायटर लेटर’, 1971 चा. निकने केंब्रिज अर्धवट सोडलं होतं आणि तो लंडनमध्ये राहत होता. इथे ड्रम आहेत, ब्रास म्हणजे पितळी वाद्यं आहेत, ‘पुअर बॉय’मध्ये पॅट अरनॉल्ड आणि डोरिस ट्रॉय यांचे आवाज आहेत, ‘नॉर्दर्न स्काय’ आणि ‘फ्लाय’मध्ये ‘वेल्व्हेट अंडरग्राउंड’ बँडमधून आलेला जॉन केल आहे. शब्दांविना तीन वाद्यरचनाही आहेत. लोकांपर्यंत पोचायची इच्छा या अल्बममध्ये लपत नाही. पण तो खपला नाही. याचं एक कारण उघड आहे: निकला मंचावर गाणं जमत नसे. दोन गाण्यांमध्ये तारा नव्याने जुळवण्यात मिनिटं जायची, तो श्रोत्यांशी बोलत नसे, आणि गप्पा-पेल्यांच्या गलक्यात तो हळू आवाज विरून जायचा. 1970 च्या मध्यानंतर त्याने कार्यक्रम जवळपास बंदच केले. मुलाखत म्हणाल तर उल्लेखावी अशी एकच, 1971 मध्ये ‘साउंड्‌स’ साप्ताहिकाला जेरी गिल्बर्टने घेतलेली. मोठेपणी गातानाचं त्याचं एकही चलच्चित्र उपलब्ध नाही.

त्या मुलाखतीत तो सांगतो की पुढचा अल्बम फक्त ध्वनिमुद्रक जॉन वुडला बरोबर घेऊन करावा असं त्याच्या मनात आहे. ‘पिंक मून’ तसाच झाला. ऑक्टोबर 1971 मध्ये दोन रात्रींत, लंडनच्या साउंड टेक्निक्स स्टुडिओत, आवाज आणि गिटार एवढ्यावर. शीर्षकगीतात तेवढा पियानोचा एक धागा. अकरा गाणी, साधारण 28 मिनिटं. फेब्रुवारी 1972 मध्ये तो बाजारात आला. या उघड्या, कोरड्या आवाजाला ढासळलेल्या मनाचा पुरावा मानतात. तो तेव्हा बरा होता असं अजिबात नाही. औषधं सुरू झाली होती, आणि 1972 मध्ये त्याला काही आठवडे रुग्णालयात राहावं लागलं. पण वाद्यांचा सगळा साज उतरवून ठेवण्याचा बेत त्याने काही महिने आधी सांगितला होता. वादनात एक बोट चुकत नाही, एक गाणं गरजेपेक्षा लांब नाही.

आजार ऐकू येतो तो 1974 च्या ध्वनिमुद्रणात. तोवर निक आई-वडिलांच्या घरी परतला होता. स्टुडिओत त्याला गाणं आणि वाजवणं एकाच वेळी जमेना. आधी गिटार, मग आवाज, असं वेगवेगळं घ्यावं लागलं. त्यातलं ‘ब्लॅक आइड डॉग’ ऐकणं मला अजूनही जड जातं. आधीचे तीन अल्बम ओळखीचे झाल्याशिवाय इथे कुणी येऊ नये. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये घरीच त्याचा मृत्यू झाला. तपासात आत्महत्येचा निष्कर्ष निघाला. जवळच्या सगळ्यांनाच तो पटला नाही.

मग ही गाणी टिकली कशी? बॉइडने विचसीझन आयलंडला विकून अमेरिका गाठली, तेव्हा निकचे अल्बम बाजारातून कधीही काढायचे नाहीत अशी अट त्याने घातली होती, असं तो सांगत आला आहे. 1979 मध्ये निकच्या अल्बमांचा ‘फ्रूट ट्री’ हा संच निघाला, खपला नाही, म्हणून 1983 मध्ये बंद झाला, आणि बॉइडनेच 1986 मध्ये तो पुन्हा काढला. याच काळात निकचं नाव इतर संगीतकारांच्या तोंडून पसरत गेलं. 1985 मध्ये ‘द ड्रीम अ‍ॅकॅडमी’ या बँडने आपलं गाजलेलं गाणं त्याला अर्पण केलं. पुढे फोक्सवॅगनने आपल्या मोटारीच्या एका अमेरिकी जाहिरातीत ‘पिंक मून’ वापरलं आणि हयातीत कधी झाली नव्हती अशी विक्री सुरू झाली.

मरणोत्तर अल्बमांत ‘टाइम ऑफ नो रिप्लाय’ आधी घ्यावा. 2004 चा ‘मेड टू लव्ह मॅजिक’ संमिश्र आहे. जुन्या आवाजावर नव्याने चढवलेली तंतुवाद्यं मला खटकतात, पण 1974 चं तोवर हाती न लागलेलं ‘टो द लाइन’ त्यातच मिळतं. 2007 चा ‘फॅमिली ट्री’ घरगुती टेपांचा. त्यात दुसऱ्यांची गाणी हाताखालून घालणारा शिकाऊ निक आहे, आणि मॉलीही. 2025 मध्ये पहिल्या अल्बमच्या जडणघडणीचा संच आला. त्यासाठी गायिका बेव्हर्ली मार्टिनने अनेक वर्षं जपलेली एक टेप उपयोगी पडली. दुसरी केंब्रिजच्या दिवसांतली, 1968 ची. तीत निक गाता गाता थांबून, कुठल्या गाण्यात कुठली वाद्यं हवीत ते सांगतो.